बीजीएमआयच्या नव्या अपडेटमध्ये नेमकं काय येतं? थीम मोड, नकाशे, रॉयल पास आणि क्रेटची सोपी माहिती

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय, हा भारतात सर्वाधिक चर्चेत असलेल्या मोबाइल शूटर गेमपैकी एक. गावाकडे त्याला आजही सरसकट 'पब्जी'च म्हणतात. या गेमला साधारण दर दोन महिन्यांनी मोठं अपडेट येतं. अपडेट आलं की यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवा मोड, नवी गन, नवा पास, नवा क्रेट यांचीच चर्चा सुरू होते. पण यातलं फुकट काय, विकत काय, कायमचं काय आणि चार दिवसांचं काय, हे बऱ्याच खेळाडूंना आणि त्याहून जास्त पालकांना माहीत नसतं.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न थोडा जास्त महत्त्वाचा ठरतो. इथल्या अनेक घरांत मुलगा ज्या फोनवर गेम खेळतो, त्याच फोनवर वडिलांचं बँक खातं, यूपीआय आणि कापूस विक्रीच्या नोंदणीचं 'कपास किसान' अॅप असतं. अपडेटची माहिती म्हणूनच फक्त खेळापुरती राहत नाही.

बीजीएमआय म्हणजे काय?

बीजीएमआय हा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा बॅटल रॉयल प्रकारातला गेम आहे. नेहमीच्या क्लासिक मॅचमध्ये १०० पर्यंत खेळाडू विमानातून एका मोठ्या नकाशावर पॅराशूटने उतरतात. घरांमधून बंदुका, औषधं, हेल्मेट, जॅकेट गोळा करायचं. यालाच 'लूट' म्हणतात. खेळण्याचं क्षेत्र हळूहळू लहान होत जातं, बाहेर राहिलेल्याची ताकद कमी होते आणि शेवटपर्यंत टिकणारा खेळाडू किंवा टीम जिंकते. या विजयाला 'चिकन डिनर' म्हणतात. मॅच एकट्याने, दोघांनी किंवा चौघांच्या स्क्वॉडने खेळता येते.

या गेमचा भारतातला प्रवास वळणावळणाचा आहे.

• २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइल होता.
• २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टनने भारतासाठी वेगळा गेम म्हणून बीजीएमआय अँड्रॉइडवर आणला.
• २८ जुलै २०२२ रोजी तो प्ले स्टोअर आणि अॅप स्टोअरवरून काढला गेला.
• मे २०२३ मध्ये सरकारने तीन महिन्यांच्या चाचणीची परवानगी दिली आणि महिन्याच्या अखेरीस गेम परत सुरू झाला.

परत येताना काही अटी आल्या. १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तास आणि प्रौढांना ६ तास अशी मर्यादा ठेवली गेली. लहान खेळाडूंसाठी पालकांची संमती घेण्याची व्यवस्था गेममध्ये आहे. रक्ताचा रंगही लालऐवजी हिरवा वगैरे दिसतो.

अपडेट आणि विस्तार यात फरक काय?

संगणक आणि कन्सोलवरच्या काही शूटर गेमना 'एक्स्पान्शन', म्हणजे विस्तार, येतो. उदाहरणार्थ डेस्टिनी २ या गेमचा 'द फायनल शेप' हा विस्तार जून २०२४ मध्ये आला. असा विस्तार वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. त्यात नवी कथा, नवी ठिकाणं, नव्या मोहिमा असतात.

मोबाइलवरच्या गेमचं गणित वेगळं आहे. अपडेट सगळ्यांना फुकट मिळतं. त्यातला खेळण्याचा भाग, म्हणजे मोड, नकाशा आणि बंदुका, यासाठी पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते कपडे, बंदुकीचे रंग, गाड्यांचे रूप आणि पास यांना. खेळायला फुकट आणि दिसायला विकत, असा हा व्यवहार आहे. अपडेट जितकं आकर्षक, तितके जास्त लोक परत येतात, आणि जितके लोक परत येतात तितकी ही विक्री वाढते. दर दोन महिन्यांनी काहीतरी नवीन येण्यामागचं मुख्य कारण हेच.

एका अपडेटमध्ये कोणकोणत्या गोष्टी येतात?

१) थीम मोड

हा अपडेटचा सर्वांत मोठा भाग. एरांगेलसारख्या नेहमीच्या नकाशावर काही आठवड्यांसाठी नव्या इमारती, नवी शक्ती आणि नवी वाहनं येतात. मागच्या काही अपडेटवरून त्याची कल्पना येते.

• ३.२ (मे २०२४): मेका फ्यूजन. खेळाडू मोठ्या यंत्रमानवात बसून लढू शकत होते.
• ३.४ (सप्टेंबर २०२४): व्हॅम्पायर आणि लांडगामानव यांची थीम.
• ३.६ (जानेवारी २०२५): सेक्रेड क्वार्टेट. निसर्गातल्या चार तत्त्वांवर आधारलेल्या शक्ती.
• ३.७ (मार्च २०२५): गोल्डन डायनेस्टी. सोबत रोंडो हा नवा मोठा नकाशा.
• ३.८ (मे २०२५): स्टीमपंक थीम आणि 'अटॅक ऑन टायटन' या जपानी मालिकेशी भागीदारी.

थीम मोड कायमचा नसतो. पुढचं अपडेट आलं की तो जातो. म्हणून त्यातल्या शक्तींवर हात बसवण्यात फार वेळ घालवला तरी पुढच्या मोडमध्ये त्याचा उपयोग होईलच असं नाही. निशाणा, आडोसा घेणं, नकाशा वाचणं आणि टीमशी बोलणं ही कौशल्यं मात्र प्रत्येक अपडेटमध्ये कामी येतात.

२) नकाशे

नकाशे जास्त काळ टिकतात. एरांगेल, मिरामार आणि रोंडो हे ८ बाय ८ किलोमीटरचे मोठे नकाशे आहेत. सॅनहॉक ४ बाय ४ किलोमीटरचा आहे. लिविक २ बाय २ किलोमीटरचा असून त्यात ५२ खेळाडू असतात आणि मॅच साधारण १५ मिनिटांत आटोपते. एरांगेलची पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. 'फक्त एक मॅच' म्हणणारा मुलगा लिविक खेळतोय की एरांगेल, यावर जेवण किती थंड होणार ते ठरतं. स्क्वॉडची मॅच मध्येच सोडली तर बाकीच्या तिघांचं नुकसान होतं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. मॅच सुरू होण्याआधी वेळ ठरवून घेतली तर घरातले वाद बरेच कमी होतात.

३) बंदुका आणि बदल

प्रत्येक अपडेटमध्ये काही बंदुकांची ताकद किंवा झटका कमी-जास्त केला जातो. याला 'बॅलन्सिंग' म्हणतात. एखादी बंदूक सगळेच वापरू लागले की खेळ एकसुरी होतो, म्हणून हे बदल होतात. बंदुकीची 'स्किन' ही वेगळी गोष्ट. तिने मुख्यतः दिसणं बदलतं, नेम सुधारत नाही.

४) सीझन आणि टिअर

नवा सीझन सुरू झाला की रँक खाली येते. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन आणि एस अशा पायऱ्या आहेत. सगळ्यांत वर 'कॉन्करर' असतो आणि तो ठरावीक मोजक्या खेळाडूंनाच मिळतो. सीझन दोन महिन्यांचा असतो. रँक घसरणं ही शिक्षा नाही, सगळ्यांचीच घसरते. सीझनच्या पहिल्या आठवड्यात चांगले खेळाडूही खालच्या टिअरमध्ये असतात, त्यामुळे नवख्यांना त्या दिवसांत मॅच जास्त अवघड वाटते.

५) इव्हेंट आणि मिशन

रोज लॉगिन करा, अमुक इतक्या मॅच खेळा, मित्राला परत बोलवा अशी कामं दिली जातात आणि बदल्यात छोटी बक्षिसं मिळतात. त्यांचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. रोजच्या लॉगिनची बक्षिसं त्या त्या दिवशी संपतात. पासची आठवड्याची मिशन मात्र सीझन संपेपर्यंत पूर्ण करता येतात. पहिल्याच दिवशी रात्रभर जागून सगळं उरकण्याची गरज नसते.

हा मुद्दा परीक्षेच्या काळात महत्त्वाचा ठरतो. २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. मोठा नकाशा घेऊन आलेलं ३.७ अपडेट नेमकं मार्चमध्ये आलं. अपडेटचं वेळापत्रक जगभरासाठी ठरतं, ते कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. नवा नकाशा मात्र परीक्षा संपल्यावरही तिथेच असतो.

पैसे कुठे लागतात?

गेममधल्या चलनाला 'यूसी' म्हणतात. ते खऱ्या रुपयांनी विकत घ्यावं लागतं आणि त्याचे परत रुपये होत नाहीत. यूसी प्रामुख्याने दोन ठिकाणी खर्च होतं.

रॉयल पास: हा सीझनभराचा पास. मिशन पूर्ण केली की रँक वाढते आणि ठरलेली बक्षिसं मिळतात. फुकटचा पासही असतो, त्यात बक्षिसं कमी असतात. विकतच्या पासात काय मिळणार हे आधीच दिसतं. पण पास घेऊन खेळलंच नाही तर वरची बक्षिसं हाती लागत नाहीत. पैसे गेले म्हणून वेळ घालवायचा आणि वेळ घातला म्हणून पुढचा पास घ्यायचा, हे चक्र इथूनच सुरू होतं.

क्रेट आणि लकी स्पिन: इथे पैसे देऊन वस्तू नाही, तर वस्तू मिळण्याची शक्यता विकत घेतली जाते. एखाद्या दुर्मीळ स्किनची शक्यता १ टक्का आहे असं समजू. १०० क्रेट उघडले की ती मिळणारच, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब तसा नाही. दर वेळी न मिळण्याची शक्यता ९९ टक्के असते. १०० वेळा उघडूनही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. म्हणजे शंभर क्रेट उघडणाऱ्या दर १०० जणांपैकी साधारण ३७ जण रिकाम्या हाताने परत जातील. मागचे ५० क्रेट वाया गेले म्हणून ५१व्याची शक्यता वाढत नाही. काही स्पिनमध्ये ठरावीक संख्येनंतर बक्षिसाची हमी असते. तशी हमी आहे का आणि तिथपर्यंत पोहोचायला एकूण किती रुपये लागतील, हे पहिलं बटण दाबण्याआधी मोजलेलं बरं.

यूट्यूबवर क्रेट उघडण्याचे व्हिडिओ पाहताना एक गोष्ट विसरायची नाही. ज्याला स्किन मिळाली तो व्हिडिओ टाकतो, ज्याला मिळाली नाही तो टाकत नाही.

डेटा, फोन आणि रेंज

अपडेट दोन टप्प्यांत उतरतं. आधी स्टोअरवरून मुख्य फाइल आणि मग गेम उघडल्यावर आतली रिसोर्स पॅक. नकाशे वेगवेगळे डाउनलोड करता येतात आणि नको असलेले काढताही येतात. रोज दीड जीबी डेटा असलेल्या प्लॅनवर सगळी पॅक एकदम घेतली तर दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो. खेळायचे एक-दोन नकाशे तेवढे घेतले तर डेटा आणि फोनमधली जागा दोन्ही वाचतात.

प्रत्यक्ष मॅचला मात्र व्हिडिओपेक्षा खूप कमी डेटा लागतो, कारण चित्रं फोनमध्येच असतात. नेटवरून फक्त कोण कुठे आहे आणि कुणी गोळी झाडली एवढीच माहिती जाते-येते. म्हणून मॅचसाठी नेटचा वेग जास्त असण्यापेक्षा ते स्थिर असणं गरजेचं असतं. सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेला 'पिंग' म्हणतात. पिंग जितका कमी, तितका खेळ सुरळीत.

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. यवतमाळ, पुसद किंवा वणी शहरातला अनुभव आणि घाटंजी, झरी जामणीकडच्या टेकड्या-जंगलाच्या भागातला अनुभव सारखा असू शकत नाही. टॉवरपासूनचं अंतर, मध्ये येणारी टेकडी आणि एकाच टॉवरवर संध्याकाळी वाढणारी गर्दी यामुळे पिंग वर-खाली होतो. असा लॅग येत असेल तर नवी स्किन घेऊन काही उपयोग नाही. ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवणं, मागे चालू असलेली अॅप बंद करणं आणि गर्दीची वेळ टाळणं हे फुकटचे उपाय जास्त कामाचे आहेत.

अपडेटच्या दिवसांत होणाऱ्या फसवणुकी

नवं अपडेट आलं की फसवणूक करणारेही जागे होतात. नेहमीचे प्रकार असे.

• 'अपडेट आधीच मिळवा' किंवा 'अनलिमिटेड यूसी' असं सांगणारी अॅप फाइल: ती टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवर फिरते. इन्स्टॉल करताना ती मेसेज वाचण्याची परवानगी मागते. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येत असेल तर खातं रिकामं होऊ शकतं. अपडेट फक्त प्ले स्टोअर, अॅप स्टोअर किंवा गेमच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं.
• स्वस्त यूसी: अर्ध्या किमतीत यूसी देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला जातो. पैसे जातात, यूसी येत नाही. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.
• अकाउंटची खरेदी-विक्री: गेमच्या नियमांत हे बसत नाही. विकणारा नंतर आपल्या जुन्या लॉगिनने अकाउंट परत मिळवू शकतो.
• रिडीम कोड: खरे कोड अधिकृत संकेतस्थळावर वापरायचे असतात. त्यासाठी कुणालाही पासवर्ड किंवा ओटीपी द्यावा लागत नाही.
• हॅक: भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी अॅप वापरली तर अकाउंट बंद होतं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. घरचे रागावतील म्हणून मुलं अनेकदा ही गोष्ट लपवतात आणि त्यातच वेळ जातो. आधी फोन करायचा आणि रागवायचं ते नंतर, हा क्रम घरात ठरलेला असावा.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा प्रचार आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. बीजीएमआय हा पैसे लावण्याचा खेळ नाही. मात्र व्हॉट्सअॅपवर '५० रुपये एन्ट्री, जिंकल्यास ५००' अशा ज्या खासगी रूम चालतात, त्या अधिकृत स्पर्धा नसतात. तिथे फी आणि बक्षीस दोन्ही असल्याने त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, शिवाय पैसे घेणारा पळाला तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

अधिकृत स्पर्धांचं चित्र वेगळं आहे. क्राफ्टनच्या बीजीआयएस २०२४ या स्पर्धेचं एकूण बक्षीस २ कोटी रुपये होतं. पण देशभरातल्या हजारो टीममधून शेवटी मोजक्याच टीम अंतिम फेरीत पोहोचतात. आवड म्हणून खेळणं आणि कमाई म्हणून त्यावर विसंबणं यातलं अंतर फार मोठं आहे.

महाराष्ट्रात तयार झालेले शूटर गेम

अपडेटमध्ये दिसणारी ही सगळी कामं कुणीतरी करत असतं: नकाशा काढणं, पात्रं रेखाटणं, प्रोग्रामिंग, आवाज, चाचणी. अशी कामं पुण्यातही होतात. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' हा बॅटल रॉयल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. त्याच्या नकाशाचं नाव विरलोक. त्यातल्या पात्रांना आणि जगाला भारतीय वळण दिलेलं आहे. 'कॉस्मियम' नावाची वस्तू ताब्यात घेऊन जिंकण्याचा वेगळा मार्गही त्यात आहे. पुण्याच्याच डॉट९ गेम्सने बनवलेला 'फौजी: डॉमिनेशन' जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात पाच विरुद्ध पाच अशा टीमच्या लढती आहेत.

खेळण्याची आवड असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही माहिती उपयोगाची आहे. स्पर्धा जिंकून पोट भरणारे थोडे असतात. चित्रकला, गणित आणि प्रोग्रामिंग शिकून गेम बनवण्याच्या कामात जाण्याचा रस्ता त्यापेक्षा रुंद आहे.

पालकांनी काय पाहावं?

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करावा.
• यूपीआय पिन मुलांना सांगू नये. शक्य असल्यास मुख्य बँक खातं आणि गेम वेगवेगळ्या फोनवर ठेवावेत.
• गेममध्ये मुलाचं खरं वय नोंदवावं. मोठं वय टाकलं की ३ तासांची मर्यादा लागूच होत नाही.
• वेळ मिनिटांत नाही, मॅचमध्ये ठरवावा. 'दोन लिविक' हे मुलाला आणि पालकाला दोघांनाही नीट कळतं.
• अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅटवर नाव, गाव, शाळा सांगू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत जागा दिली असून ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रोज खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चालू असेल तर तो आजार मानला जातो. झोप, अभ्यास किंवा जेवण बिघडत असेल तर त्याआधीच मदत घ्यावी. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.

थोडक्यात

अपडेटमधला खेळ फुकट असतो, सजावट विकत असते. थीम मोड काही आठवड्यांचा, नकाशा दीर्घकाळाचा. पासात काय मिळणार ते आधी दिसतं, क्रेटमध्ये दिसत नाही. दोन महिन्यांनी पुढचं अपडेट येणारच असतं, त्यामुळे आज सुटलेल्या स्किनसाठी कर्ज काढण्याचं किंवा घरच्यांच्या खात्याला हात लावण्याचं काहीही कारण नाही.